पायी येणाऱ्याला तिकीट नाही

पायी येणाऱ्याला इथं तिकीट नाही.
पाटीवर लिहिलंय. रंग उडालाय, पण लिहिलंय.
तरी किटेरियाबाय रोज रुमालाची गाठ सोडायची,
दोन रुपयांचं नाणं काढायची,
माझ्या तेलकट तळहातापुढं धरायची :
घे रे सोयरू. फुकटचं अंगी लागत नाही.

मी दोर टाकणारा, साखळी ओढणारा,
सत्तरीच्या डोंगरातनं मांडवीवर आलेला.
तिच्या देवाचं मला काय कळणार.
पण तिच्या टोपलीचं कळतं.
वर उकडे तांदूळ, खाली एक वही.
वहीत डाव्या पानावर उधार दिलेले नारळ,
उजव्या पानावर पापं.

एकदा ओहोटीला बोट गाळात रुतली
तेव्हा तिनंच वाचून दाखवली मला :
सुनेच्या पेजेत मीठ कमी घातलं, मुद्दाम.
भावाच्या मयताला गेले नाही, बांधाच्या भांडणापायी.
आणि समोर जमेला
मेणबत्त्या, नोव्हेना,
टेकडीवरच्या इगर्जीच्या गुडघ्यांनी चढलेल्या पायऱ्या.
दरवर्षी बेरीज. दरवर्षी काहीतरी देणं उरतंच.

एवढी बाकी घेऊन मी वर तोंड कसं दाखवू?

पाद्रीला विचारा, मी म्हटलं.
विचारलं. म्हणतो, वही फेक, ते देणं कधीच फिटलंय.
त्याला काय जातं बोलायला, त्याला शेतं नाहीत.

मग फेब्रुवारीतली ती शेवटची फेरी.
बहिणीला बांबोळीच्या इस्पितळात ठेवून आलेली,
टोपली नाही, रुमाल नाही,
इंजिनाजवळच्या बाकावर बसली तशीच कलंडली.
धुकं इतकं की दिवाडीचा दिवाही दिसेना.
नदीच्या मध्यावर इंजिन खोकलं
आणि गप्प झालं.
अर्धा तास आम्ही वाहत होतो,
मी बांबू रोवत होतो, तांडेल शिव्या देत होता,
कुणीतरी माळ जपत होतं, कुणाचं पोर ओकत होतं.
ती झोपलेली. तोंड उघडं. एक चप्पल गळून पडलेली.

काठाला लागल्यावर मी हलवलं.
पोचलो?
पोचलो.
कमरेला हात गेला. रुमाल नव्हता.
बोट बंद पडलेली, कुणीतरी सांगितलं तिला.
ती कितीतरी वेळ उठलीच नाही.
आणि मी जागीसुद्धा नव्हते, म्हणाली,
जसं कुणी तिच्याच घरातली
एक खोली तिला पहिल्यांदा दाखवावी.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी आली.
देव बरें करूं, एवढंच म्हणाली
आणि जमीनदारणीसारखी आत चढली.

वही?
नारळांची पानं ठेवलीत. तो हिशोब माणसांचा, तो चुकवून चालत नाही.
आणि बाकीची?
त्यात सुकी सुंगटं बांधून
भावाच्या पोरांना दिली.
वाचतील की ते!
वाचू देत.

आता खात्री आहे? मी विचारलं.
खरं तर चिडवायला विचारलं.
तिनं नदीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या दोराकडे.
तू दोर बघ, कुठं झिजलाय ते.
तुझं काम आहे. मी बसते.

मी बघतो.
रोज वीस-बावीस वेळा दोन्ही काठांना लागतो
आणि कुठंच उतरत नाही.
लोक जातात, मागं वळूनही न बघता,
आणि तेच बरोबर आहे.

फक्त एक नाणं राहिलंय माझ्याकडे,
तिनं कधीतरी जबरदस्तीनं खिशात कोंबलेलं.
खर्चावं तर हात होत नाही.
परत द्यायला गेलो,
तर म्हणाली, माझं नाहीच ते.